कुरणाची वेणी

मास्तरनी आणि मी मिळून जे शेवटचं काम केलं ते बाज आवळायचं. सुंभाची जुनी बाज, मधे झोळ पडलेली, झोपलं की पाठ भुईला लागायची. मी पाय रेटून पायथ्याची दोरी ओढायचो आणि मास्तरनी ती ढिली पडू न देता धरून ठेवायची, एवढंच काम. तेवढं पण त्यांना येत न्हवतं.

"मास्तर, धरा की घट्ट."

"धरलंय. ह्या पायथ्याच्या दोरीला तुमी काय म्हणता?"

"अदवान."

"आणि हा शब्द कुणाकडनं आला तुमच्याकडं?"

"बापाकडनं. सोडली बघा तुमी!"

दोरी सुटली, मी मागं उताणा पडलो. माझी बायको चुलीपाशी होती, ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मास्तर पण हसले. आमी परत पहिल्यापासून सुरू केलं.

तसा तो हसायचा दिवस न्हवता. मास्तरची बदली झाली होती, सकाळच्या गाडीनं ते जाणार होते. आणि त्याच सकाळी कुरणाच्या मालकाचा, सेलूला राहायचा तो, निर्णय कळणार होता. सेलूकडनं ट्रॅक्टर आला तर कुरण मोडणार आणि कुरणातलं आमचं खोपट उठणार. बैलगाड्या आल्या तर गवत कापून नेणार, म्हणजे आमी राहिलो.  आणि आमी बाज आवळायलो होतो.

औंदा माझी बायको गेली. लोक येतात, बसतात, चहा पिऊन जातात. म्हणतात, सुटली. मला असलं बोलणं आवडत न्हाई, पण तोंडावर काय बोलावं. तिच्याबद्दल लिहायला बसलं की दोन ओळींत हात थांबतो. मास्तरबद्दल लिहिता येतं. आणि मास्तरचं काय पण सांगायला लागलं की ती मधे येतीच, हसत. म्हणून मास्तरचं लिहायलोय. मी शाळा लय शिकलो न्हाई, चुकलं तर चुकलं.

आमी जयभीमवाले. बापानं गावकीची कामं टाकून दिली तवा गावानं त्याच्याकडं पाठ फिरवली. मालकाच्या बापानं तेवढी कुरणाची राखण दिली. माया म्हणून न्हाई, त्याला गुरं हाकलायला दांडगा माणूस पाहिजे होता. बापामागं मी. वालूरच्या अलीकडं, ओढ्यापासून टेकाडापर्यंत सगळं गवत. पवन्या, मारवेल, वरच्या अंगाला कुसळी. आमच्या मालकीचं त्यात एक काडी न्हाई, पण राहणं तिथं, चूल तिथं.

पाऊस पडून गवत वर आलं की कुरण बंद करायचं. त्याची एक रीत होती. वाटेवर दगडांचा ढीग आणि त्यात एक खांब. राखणदाराच्या घरच्या बाईनं लांब गवत घ्यायचं, त्याची डोक्याच्या वेणीसारखी वेणी घालायची आणि खांबाच्या शेंड्याला बांधायची. वेणी दिसली की गुराखी गुरं आत घालत न्हाई. दिवाळीनंतर गवत पिकलं, कापून झालं की त्याच बाईनं वेणी उतरायची, मंग चरायला सगळ्यांना मोकळं. ना कुंपण, ना पाटी. ती वेणी म्हणजेच कुलूप.

बाहत्तरच्या दुष्काळात त्या गवतानं मालकाची बैलं जगवली. तवा मालक मला भाऊ म्हणायचा. पाऊस परत आला आणि कापसाला भाव आला, तसं त्याला वाटायला लागलं, एवढी जमीन गवताला कशाला? दर सालाला म्हणायचा, "औंदा गवत कमी निघालं तर पुढच्याला नांगर."

मास्तर आले ते ह्याच सुमाराला. गावात एकमास्तरी शाळा, शाळेच्याच खोलीत राहायचे. लग्न केलेलं न्हवतं. उन्हाळ्यात पण काळा कोट. कोटाच्या एका खिशात खडू, दुसऱ्या खिशात गुळाचे खडे. कुणी त्यांना न ऐकलेला शब्द सांगितला की गुळाचा खडा द्यायचे. शब्द विसरू नये म्हणून दिसंल तिथं खडूनं लिहायचे. आमच्या दारावर, जात्यावर, पाण्याच्या रांजणावर. एकदा माझ्या काळ्या म्हशीच्या पाठीवर लिहिलं. ती ओढ्यात बसली आणि शब्द गेला, तर दिवसभर म्हशीकडं असं बघत होते जसं तिनं गिळला.

पहिल्यांदा आले ते कुरणाच्या कडंला येऊन उभे राहिले. मला वाटलं मोजणीवाला हाय.

"ह्याला काय म्हणता तुमी?"

"कुरण."

"का?"

"मंग काय म्हणायचं?"

त्याच्यावर एवढे खूश झाले की मला दोन खडे दिले. मी म्हणालो, शब्द तर तुमाला आधीच ठाऊक होता. म्हणाले, "शब्द ठाऊक होता. उत्तर नवं होतं."

त्या दिवशी आमच्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली. ते आमच्यातले न्हवते. गावात दोन दिवस कुजबुज झाली, मंग लोकच म्हणाले, जाऊ द्या, येडा हाय. येडेपणाचा त्यांना तेवढा फायदा झाला, आणि आमाला पण.

तेव्हापासून त्यांना एकच नाद, कुरण हा शब्द आला कुठून. गायरान सोपं हाय म्हणायचे, गाय आणि रान, त्यात लपलेलं काय न्हाई. माळ पण कळतो. पण कुरण? सुट्टी लागली की एसटीनं फिरायचे आणि येऊन आमाला सांगायचे. एका मौलवीला विचारलं तर तो म्हणाला, आमचा न्हाई, आमच्यात चरागाह म्हणतात. निजामाच्या चाकरीतल्या एका म्हाताऱ्या शिपायानं सांगितलं, साहेब लोक शिकारीला यायचे तवा ह्याला रमना म्हणायचे, कुरणाचं मला म्हाईत न्हाई. कुणी म्हणालं, कानडीत बघा. एका शास्त्र्यानं सांगितलं, संस्कृतात हरणाला कुरंग म्हणतात, त्याच्यावरनं असंल. ते ऐकून मास्तर पळत आले.

"इथं हरणं येतात का हो?"

"येतात की. काळवीट येतात. पण ती खायला येतात मास्तर, नाव ठेवायला न्हाई."

तर आठ दिवस ते कुरंग त्यांनी बाजूला ठेवलं. मंग परत उचललं. असं चालायचं.

गावातल्या बायकांना गुळाचं कळलं तवा त्या मनानंच शब्द करायला लागल्या. माझी बायको सगळ्यांत पुढं. एकदा म्हणाली, "मास्तर, गवतात वारं शिरून गोल फिरतं ना, त्याला आमच्या सोनपेठकडं हुंबरूट म्हणतात." मास्तरनी डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात चार वेळा म्हणून बघितलं आणि गुळाचा खडा काढून दिला. ते गेल्यावर ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मास्तर आले आणि म्हणाले, "ताई, खोटा शब्द होता."

"मंग गूळ का दिला?"

"चांगला होता म्हणून."

पुढं आमी दोघं तो शब्द म्हणायलाच लागलो. आता सांगायचं तर म्हणणारा मी एकटा हाय.

मला त्यांचा राग पण यायचा. मी तोंडावर म्हणायचो, "मास्तर, रिकामं काम हाय हे. शब्द सापडला तर गवत जास्ती येतंय का?" ते चिडत न्हवते. एका संध्याकाळी फक्त एवढं बोलले, "आमचं गाव धरणात गेलं. गावाला कुरण होतं, बाप गुरं घेऊन जायचा. आता तिथं पाणी हाय. पाण्याला कुणी कुरण म्हणत न्हाई. ती जागा गेली आणि नाव माझ्या तोंडात राहिलं. कुठं ठेवावं कळंना झालंय." पुन्हा मी रिकामं काम म्हणालो न्हाई. म्हणजे म्हणालो, पण हळू.

आता ते सांगतो ज्याच्यामुळं आमच्यावर उठायची पाळी आली.

भादव्याचा महिना. गवत कमरेला लागायलं होतं, पण अजून कच्चं. बायको सोनपेठला माहेरी गेलेली, भावजयीच्या बाळंतपणाला. मी विळ्यांना धार लावायला वालूरला गेलेलो. मागं मास्तर कुरणावर आले, वेणी बघितली आणि त्यांच्या डोक्यात शिरलं की शब्दाचं मूळ ह्या बांधण्यात असंल. बांधलेलं म्हणून कुरण का? तर दगडावर चढले, वेणी सोडली आणि घेऊन शाळेत गेले. गाठ कशी मारलीय ते बघायला.

मी वालूरहून आलो तर गवतात गुरांच्या पाठी. सगळ्या गावची गुरं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात शिरून ओढून ओढून खायलेली.  काठी घेऊन धावलो, शिव्या दिल्या. एक म्हातारा गुराखी दगडावर बसून तंबाखू मळत होता. तो जागचा हलला न्हाई.

"वरडतो कशाला? वर बघ की. वेणी उतरलीय."

बघितलं तर खांब बोडका. तो खरं बोलत होता. वेणी न्हाई म्हणजे कुरण मोकळं, गुराख्याला हात लावायची सोय न्हाई. मला दिसायला लागलं की आता सांजेपर्यंत एक काडी राहणार न्हाई, दिवाळीला मालक येणार आणि मंग ट्रॅक्टर.

तेवढ्यात मास्तर पळत आले. हातात वेणी, कोट खडूनं पांढरा.

"मी काढली. मी. बघायला नेली होती."

म्हातारा म्हणाला, "बघायला? मास्तर, देवळाचा कळस काढून घरी नेता का बघायला?"

"चुकलं माझं. हे घ्या, बांधा परत."

"आमी कोण बांधणार? जिनं बांधली तिचाच हात पाहिजे. बोलवा हिच्या मालकिणीला."

"ती सोनपेठला हाय," मी म्हणालो.

"मंग येऊ द्या तिला. तोपर्यंत चरतील."

मास्तरनी एकदा खांबाकडं बघितलं. ओठ हलायले होते. मला वाटलं आता रडतात. पण ते म्हाताऱ्याला म्हणाले, "आबा, वेणी खांबावर पाहिजे, एवढंच ना?"

"हां. खांबावर."

"खांब लाकडाचाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

म्हाताऱ्यानं तंबाखू मळायची थांबवली. रीतभात मानणारा माणूस. नीट विचार केला त्यानं. "न्हाई. तसं काय सांगितलेलं न्हाई."

मास्तर दगडांच्या ढिगावर चढले, खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि वेणी डोक्यावर धरली. दोन्ही हातांनी. काळा कोट, वर गवताची वेणी, तोंड सरळ गुरांकडं.  मंग म्हाताऱ्याला एकदम हसू फुटलं, तंबाखू सगळी सांडली. उठला आणि बाकीच्यांना हाळी दिली, "फिरवा रं गुरं. खांब बोलायलाय!"

गुरं फिरली. ओढ्याकडचा कोपरा मात्र गेला होता.

मी तसाच सोनपेठला निघालो. दोन गाड्या बदलायच्या. बायकोला सांगितलं तवा ती बाळाला धुऊन पुसत होती, तिथंच तिनं कपाळाला हात लावला. "मास्तरला म्हणावं, एक बायको करून घ्या आणि तिच्या वेण्या सोडत बसा. माझ्या गवताच्या वेणीला कशाला हात लावायला!" वाटभर एसटीत शिव्या देत आली. मला पण दिल्या, मी वालूरला गेलोच का म्हणून.

दुसऱ्या दिवशी कुरणाच्या वाटेला लागलो आणि तिच्या शिव्या थांबल्या. मास्तर दगडांवर होते. हात दुखले म्हणून वेणी डोक्यावर ठेवून हनुवटीखालनं उपरण्यानं बांधलेली, दात दुखणाऱ्या माणसासारखी. खाली सगळी शाळा बसलेली आणि पोरं पाढे म्हणायलेली. मधे एक पोरगं चुकलं, तर मास्तर मान न हलवता वरनंच म्हणाले, "परत म्हण." मान हलली तर वेणी पडंल म्हणून.

माझी बायको वाटेतच बसली. एवढी हसली की तिला उठवायला मला हात द्यावा लागला. मंग डोळे पुसून वर गेली, वेणी सोडवली, खांबाला बांधली. मास्तर शेजारी उभे.

"ताई, ही गाठ जी मारता, तिला..."

"आता विचारलं तर मारीन मास्तर."

ते खाली उतरले. पण थोड्या वेळानं तिनंच बोलावून दाखवली. नाव न्हवतंच त्या गाठीला.

दिवाळी झाली. मास्तरच्या बदलीचा कागद आला आणि त्याच आठवड्यात मालक जीपमधून आला. कडंकडंनं चालत गेला. मी मागं, मास्तर माझ्या मागं. ओढ्याच्या कोपऱ्यापाशी थांबला.

"हे काय? इथलं कुणी खाल्लं?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर पुढं झाले. "मी."

"तुमी गवत खाल्लं?"

"खाऊ घातलं. वेणी मी सोडली होती. ह्या माणसाचा काय दोष न्हाई, तो गावात पण न्हवता."

मालकाला सगळं आधीच कळलेलं असणार, सेलूपर्यंत गेली होती ती गोष्ट. तो ओठातल्या ओठात हसला, पण ते हसणं काय मला आवडलं न्हाई. "मास्तर, तुमी म्हणं ह्या शब्दापायी मौलवी, शास्त्री सगळे धुंडाळले. मंग सांगा की मला. मी मालक हाय, मला कळू द्या, कुरण म्हणजे काय?"

मला वाटलं आता ते कुरंग काढतात. कानडी काढतात. पण मास्तर सावकाश बोलले.

"शब्द कुठून आला ते मला सापडलं न्हाई मालक. बहुतेक सापडणार पण न्हाई. एवढंच कळलं, आणि ते त्या खांबावर उभं राहून कळलं. गवत कुठं पण उगवतं. त्याला माळ म्हणतात. कुणीतरी राखत असलं तर त्याला कुरण म्हणतात. हे दोघं नवरा-बायको गेले की तुमाला दुसरं नाव शोधावं लागंल."

 मालकानं बूट झटकले. जीपमध्ये बसताना मला म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत बघ. गाड्या आल्या तर गाड्या, ट्रॅक्टर आला तर सामान काढून ठेव."

बायकोनं सामान काढलं न्हाई. म्हणाली, काढलं की आलाच समजा. म्हणून त्या संध्याकाळी आमी बाज आवळायला घेतली. राहायचं असलं तर बाज नीट पाहिजे.

सकाळी आमी तिघं फाट्यावर गेलो. मास्तरची पत्र्याची पेटी माझ्या खांद्यावर. त्यांची गाडी आणि मालकाचं जे काय यायचं ते, सगळं एकाच रस्त्यानं येणार. थंडी होती. मास्तर सेलूकडं तोंड करून उभे राहिले. त्या सकाळी त्यांनी मला एक शब्द विचारला न्हाई. मला आठवतंय, तीच मला जास्ती भीती वाटली.

वळणाच्या पलीकडं धुरळा उठला. ट्रॅक्टरचा पण तसाच उठतो.

बायकोनं माझं मनगट धरलं. "आवो, घुंगरं."

मला काय ऐकू येईना. मंग आलं. बैलांच्या गळ्यातली घुंगरं. पहिली गाडी वळली, मागं दुसरी, मागं अजून, रिकाम्या, वर विळेवाले बसलेले. बायको पदरानं तोंड पुसत राहिली. मी पेटी खाली ठेवली आणि मास्तर तिच्यावर बसले. खांदे हलायले होते. बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, जसा मोठ्या भावाच्या ठेवतात.

मास्तरच्या बोलण्यानं गाड्या आल्या असं मी म्हणणार न्हाई. मालकाला बैलं होती, बैलांना गवत लागतं, एवढंच असंल. पण कुरण राहिलं. आमी दोघं तिथंच म्हातारे झालो.

गाड्या जवळ आल्या आणि मागनं एसटी आली, हॉर्न वाजवत. कंडक्टर मास्तरला ओळखायचा. दार उघडून ओरडला, "चला मास्तर! पेटी द्या वर!"

मास्तर उठले. कोट झटकला. कंडक्टरकडं बघून म्हणाले, "दुपारच्यानं येतो."

"दुपारची बंद हाय."

"मंग उद्याच्या."

"अवो, तिकडं हजर व्हायचंय ना तुमाला?"

मास्तर ऐकायला थांबलेच न्हाईत. पेटी रस्त्यात तशीच. ते पहिल्या गाडीच्या बैलांपुढं जाऊन उभे राहिले आणि गाडीवानाला विचारलं, "कुठले तुमी? तुमच्याकडं काय म्हणतात ह्याला?"

"कशाला?" गाडीवान म्हणाला.

"चला, दावतो," म्हणाले, आणि एसटीकडं पाठ करून गाड्यांच्या पुढं कुरणाच्या वाटेला लागले.